सहाशे मैलांच्या शर्यतीला जाण्यापूर्वी

मे महिन्यात शार्लट, रॅली, अटलांटा या भागांतल्या कितीतरी मराठी घरांत भारतातून आई-वडील आलेले असतात. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी ‘मेमोरियल डे’ची सुट्टी असते. तिच्या आदल्या रविवारी संध्याकाळी, शार्लट शहरापासून वीसेक किलोमीटरवरच्या कॉनकॉर्ड गावी कोका-कोला ६०० होते. नॅसकार या अमेरिकन स्टॉक कार मालिकेच्या हंगामातली ही सर्वांत लांब शर्यत: दीड मैलाच्या ट्रॅकवर ४०० फेऱ्या, म्हणजे सुमारे ९६५ किलोमीटर. स्टॉक कार शर्यत एकदा तरी प्रत्यक्ष पाहावी आणि ती पाहायला या शर्यतीइतकी सोयीची दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. पण बेत निघाला की काही ठरावीक वाक्यं ऐकू येतात आणि बेत तिथंच थांबतो. ती वाक्यं तपासून पाहू.

“गाड्या नुसत्या गोल गोल फिरतात, त्यात पाहायचं काय?”

टीव्हीवर तसं वाटतं, हे मान्य. कॅमेरा एका वेळी दोन-चार गाड्यांवर असतो आणि बाकीची शर्यत दिसतच नाही. ट्रॅकवर नेमकं उलट घडतं. फॉर्म्युला वनला आपण एका वळणाशी बसतो, गाड्या काही सेकंद दिसतात, मग पुढची फेरी येईपर्यंत मोठ्या पडद्याकडे पाहत राहायचं. शार्लटला मात्र स्टँडच्या वरच्या रांगेतून अख्खा ट्रॅक नजरेत मावतो. आघाडीवर कोण आहे, मागून कोण एकेक गाडी गाठत येतोय, टायर-इंधनासाठी पिटमध्ये कोण वळला, सगळं एकाच जागेवरून दिसतं.

गोल फिरण्यातही पुष्कळ कसब आहे. शार्लटची वळणं २४ अंशांनी कललेली आहेत. आतल्या कडेने जाणारी वाट जवळची पडते, तर बाहेरच्या, वरच्या वाटेने वेग जास्त टिकतो. टायर झिजतात तशी दोन्हींतली फायद्याची वाट बदलत जाते. शिवाय ही शर्यत सहाच्या सुमारास उन्हात सुरू होते आणि अकराच्या आसपास दिव्यांच्या उजेडात संपते. सूर्य मावळला की डांबर थंड होतं, पकड वाढते, गाडीचा तोल बदलतो. उन्हात उत्तम पळणारी गाडी रात्री मागे पडताना दिसते, आणि प्रत्येक पिटस्टॉपला संघ तिच्यात बारीक फेरफार करत राहतो. चार तासांहून अधिक बसायचं ते यासाठी.

“पुढच्या रांगेचं तिकीट काढावं, जवळून दिसेल.”

या एका समजुतीपायी पैसे सर्वांत जास्त वाया जातात. पुढच्या रांगेत डोळ्यांसमोर जाळीचं कुंपण येतं, ताशी पावणेतीनशे किलोमीटरने जाणारी गाडी म्हणजे रंगाचा एक पट्टा दिसतो आणि समोरचा सरळ भाग सोडून बाकी ट्रॅक जवळपास दिसत नाही. झिजलेल्या टायरच्या रबराचे बारीक तुकडे अंगावर येतात ते वेगळंच. जागा शक्य तितकी वरची घ्यावी. वरच्या रांगा साधारणपणे महागही असतात. त्यासाठी खर्च करायला हरकत नाही. सोबत वयस्कर मंडळी असतील तर लिफ्ट किंवा रॅम्प कुठल्या बाजूला आहे, हे तिकीट काढण्याआधी पाहावं. बऱ्याच ट्रॅकवर बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट अगदी स्वस्त मिळतं, ती चौकशी मोठ्यांच्या तिकिटांबरोबरच करावी.

“आवाजाचं काय एवढं? थोडा वेळ कानावर हात ठेवू.”

नाही. या बाबतीत ढिलाई नको. तीस-चाळीस व्ही-एट इंजिनं एकदम सुटली की आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो आणि तो काही तास चालू राहतो. इअरप्लग प्रत्येकाला हवेत. लहान मुलांना कान पूर्ण झाकणारे इअरमफ हवेत, आणि तान्ह्या बाळाला तर मी नेऊच नका म्हणेन. आजी-आजोबांचं श्रवणयंत्र असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

कान झाकून काही हरवत नाही, उलट बरंच मिळतं. ट्रॅकवर स्कॅनर आणि हेडफोन भाड्याने मिळतात. त्यावर चालक, त्याच्या संघाचा प्रमुख म्हणजे क्रू चीफ आणि स्पॉटर यांचं बोलणं थेट ऐकता येतं. स्पॉटर उंचावर उभा राहून ट्रॅक पाहत असतो. हेल्मेट आणि मानेच्या पट्ट्यांमुळे चालकाला बाजूचं नीट दिसत नाही, म्हणून शेजारी गाडी आहे की वाट मोकळी झाली, हे स्पॉटर त्याला क्षणाक्षणाला सांगत असतो. प्रेक्षकाला खुलेआम असा कान देणारे खेळ फार थोडे आहेत. एखादा चालक निवडून पन्नास फेऱ्या त्याचंच बोलणं ऐका. क्रिकेटमध्ये कर्णधाराचं क्षेत्ररक्षकांशी चाललेलं बोलणं ऐकायला मिळालं तर सामना जसा उलगडेल, तशी शर्यत उलगडत जाते.

“स्टॉक कार म्हणजे शोरूममधलीच गाडी.”

एकेकाळी हे खरं होतं. १९ जून १९४९ रोजी शार्लटच्याच एका जुन्या मातीच्या ट्रॅकवर नॅसकारची पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत झाली. पहिला आलेला ग्लेन डनवे तपासणीनंतर बाद ठरला, कारण चोरटी दारू वाहून नेणाऱ्या त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या होत्या. विजय जिम रोपरला मिळाला. आजच्या टोयोटा कॅमरी, फोर्ड मस्टँग किंवा शेव्हरोलेचं शोरूमशी नातं आकार आणि नावापुरतंच. शोरूमच्या कॅमरीचं इंजिन सहसा पुढची चाकं फिरवतं. शर्यतीच्या गाडीत ५.८६ लिटरचं व्ही-एट मागची चाकं फिरवतं. तिला उघडणारे दरवाजे नसतात, चालक खिडकीतून आत शिरतो आणि पुढचे दिवे म्हणजे निव्वळ स्टिकर.

“लोक अपघात बघायला जातात.” काही जातही असतील. पण १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत दिग्गज चालक डेल अर्नहार्ट अपघातात गेला आणि त्यानंतर हा खेळ बदलला. मान सांभाळणारं उपकरण सक्तीचं झालं, ट्रॅकच्या भिंतींना धक्का शोषणारं अस्तर आलं. तेव्हापासून कप मालिकेच्या, म्हणजे नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेच्या, शर्यतीत एकाही चालकाचा जीव गेलेला नाही.

“तिथं आपल्यासारख्यांना परकं वाटेल.”

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वेंडेल स्कॉट या कृष्णवर्णीय चालकाने १९६३ मध्ये जॅक्सनव्हिलची शर्यत जिंकली, तेव्हा विजेता म्हणून आधी दुसऱ्याचंच नाव पुकारलं गेलं. अनेक दशकं स्टँडमध्ये गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचे कॉन्फेडरेट झेंडे फडकत होते. त्यांच्यावर २०२० च्या जूनमध्ये बंदी आली. आजच्या मैदानात कृष्णवर्णीय बबा वॉलेस आहे, मेक्सिकोचा डॅनियल सुआरेझ आहे, आणि २०२१ ची कोका-कोला ६०० जिंकणारा काइल लार्सन आईकडून जपानी-अमेरिकन आहे. आपला नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला आणि मार्टिन्सव्हिलला पहिल्याच शर्यतीत तेरावा आला. स्टँडमध्ये मुलाबाळांसह आलेली कुटुंबं पुष्कळ असतात, आणि नवख्याला नियम समजावून सांगायला शेजारी बसलेला माणूस सहसा उत्सुक असतो.

खाण्याची काळजी तर नकोच. अमेरिकेतल्या अनेक स्टेडियममध्ये बाहेरचं खाणं चालत नाही, पण नॅसकारच्या बऱ्याच ट्रॅकवर मऊ कूलर आत नेता येतो. साधारण मर्यादा प्रत्येक बाजूला १४ इंच. थेपले, धपाटे, दशम्या, पाणी, सगळं न्या. काचेची बाटली चालत नाही. त्या वर्षीचे नियम ट्रॅकच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

“रविवारी जाऊ, रात्री परत.”

पाऊस आला तर? एवढ्या वेगाच्या मोठ्या ओव्हल ट्रॅकवर ओल्यात शर्यत होत नाही. थांबतात, ट्रॅक वाळवतात, नाहीच जमलं तर सोमवारी. २००९ आणि २०२३ साली ६०० सोमवारीच झाली. २०२४ मध्ये पावसामुळे २४९ फेऱ्यांवर निकाल लावला आणि क्रिस्टोफर बेल विजेता ठरला, कारण ठरावीक अंतर पार झालं असेल तर निकाल ग्राह्य धरतात. म्हणून परतीचं विमान मंगळवारचं काढा. सोमवारी सुट्टी असतेच. हॉटेलांचे दर या आठवड्यात चढतात, तेव्हा खोली काही महिने आधी घ्या आणि रद्द करता येईल अशीच घ्या. शहरातली ब्लू लाइन ही लाइट रेल शार्लटच्या विद्यापीठापर्यंतच जाते, ट्रॅकपर्यंत नाही, त्यामुळे गाडी लागतेच. शर्यत संपल्यावर पार्किंगमधून बाहेर पडायला तास-दीड तास लागू शकतो. कूलरमध्ये तेवढ्यापुरतं खाणं राखून ठेवा.

शक्य असेल तर गुरुवारीच पोहोचा. कप मालिकेचे बहुतेक संघ याच परिसरात आहेत: हेंड्रिकचा संघ ट्रॅकच्या अगदी जवळ, पेन्स्की मूर्सव्हिलला, जो गिब्ज हंटर्सव्हिलला. शहराच्या मध्यभागी २०१० पासून नॅसकारचं हॉल ऑफ फेम आहे. संघांच्या वर्कशॉपमध्ये काय पाहता येतं आणि किती वाजेपर्यंत, हे आधी फोन करून विचारा. कामाच्या दिवशी गेलात तर गाड्यांची जुळणी चाललेली दिसण्याची शक्यता जास्त.