महिंद्राची दोन पोरं आणि पंचवीस गुणांचं गणित

२ मार्च २०२५, रविवार. थायलंडमधल्या बुरीरामला मोटोजीपीच्या, म्हणजे मोटरसायकलींच्या जागतिक स्पर्धेच्या, मोसमातली पहिली शर्यत चालू आहे. आपल्याकडे दुपारचा दीड वाजून गेलाय, म्हणजे रत्नागिरीत माशांचं जेवण आटोपून आडवं व्हायची वेळ. मार्क मार्केझ सगळ्यांच्या पुढे, अगदी निवांत. आणि सातव्या फेरीत तो गॅस सोडतो, धाकट्या भावाला, ॲलेक्सला, पुढे जाऊ देतो आणि त्याच्या मागे लागतो. बघणाऱ्याला वाटतं, गेली गाडी! प्रत्यक्षात बिघडलेलं काहीच नसतं. पुढच्या चाकात हवा कमी पडत असते, इतकंच.

नियम असा आहे की शर्यतीच्या किमान ६० टक्के फेऱ्यांत पुढच्या टायरचा दाब १.८ बारच्या वर असायला हवा. तो तसा राहिला नाही, तर शेवटी तुमच्या वेळेत १६ सेकंद वाढवतात आणि जिंकलेली शर्यत हातची जाते. १.८ बार म्हणजे साधारण २६ पीएसआय. आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीच्या पुढच्या चाकातही पंपावरचा पोऱ्या पंचवीसच्या आसपासच हवा मारतो! कोट्यवधी रुपयांच्या गाडीचा आणि आपल्या घरच्या गाडीचा आकडा एकच, यावर आधी माझा विश्वासच बसेना.

खरी गंमत पुढे आहे. हवा कमी असली की टायर जमिनीला जास्त टेकतो आणि पकड वाढते, म्हणून सगळे संघ शक्य तेवढी कमी हवा भरून सुरुवात करतात. शर्यतीत टायर तापतो, आतली हवा फुगते आणि दाब आपोआप चढतो. पण पहिल्या क्रमांकावर धावणाऱ्याच्या पुढे कोणीच नसतं. त्याच्या चाकाला सतत ताजी, थंड हवा लागते आणि दाब चढत नाही. दुसऱ्याच्या मागे राहिलं की त्याच्या इंजिनाची सगळी धग आपल्या पुढच्या चाकावर येते. मार्केझनं तेच केलं. सोळा-एक फेऱ्या भावाच्या मागे राहून त्यानं टायर शेकला, शेवटच्या तीन-चार फेऱ्या उरल्यावर पुन्हा पुढे गेला आणि जिंकला. ताशी तीनशेच्या वेगात, डॅशबोर्डवरचा इशारा वाचून, बेरीज-वजाबाकी करत.

मोटोजीपीचा मोसम मन लावून बघायला लागलं, की ध्यानात येतं की ही स्पर्धा वेगाची कमी आणि हिशेबाची जास्त आहे.

वेगाचं म्हणाल तर तो आहेच. २०२३ मध्ये इटलीतल्या मुजेल्लोला ब्रॅड बाइंडरनं ताशी ३६६.१ किलोमीटर गाठले. या वेगात रत्नागिरीहून मुंबई तासाभरात यावी (महामार्ग तेवढा पूर्ण झाला पाहिजे). बाइंडरची गाडी केटीएमची. कंपनी ऑस्ट्रियाची, पण आपल्याकडे कॉलेजची पोरं ज्या नारिंगी ड्यूक फिरवतात, त्या तयार होतात चाकणला, बजाजच्या कारखान्यात. बजाजनं २००७ मध्ये केटीएममध्ये पहिल्यांदा पैसे घातले. २०२४ च्या नोव्हेंबरात केटीएम दिवाळखोरीच्या दारात जाऊन उभी राहिली, तेव्हा तिला सावरायला पैसा आला तो बजाजच्या आकुर्डीहूनच. त्यामुळे आता शर्यतीत नारिंगी गाडी दिसली की मला ती निम्मी आपलीच वाटते.

पण आपला याहून जवळचा धागा महिंद्राचा आहे, आणि तो फार थोड्यांना आठवतो.

मुंबईच्या महिंद्रानं २००८ मध्ये पुण्याच्या कायनेटिकचा दुचाकीचा धंदा घेतला आणि स्कूटर बनवायला सुरुवात केली. इथवर ठीक. पण २०११ मध्ये ही कंपनी थेट जागतिक स्पर्धेच्या १२५ सीसी गटात उतरली. कोणत्याही भारतीय कंपनीनं तोवर हे धाडस केलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्या गटाच्या जागी मोटो३ आला, म्हणजे २५० सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन आणि त्यावर जेमतेम मिसरूड फुटलेली पोरं. २०१२ चं साल महिंद्राला वाईटच गेलं. मग स्वित्झर्लंडच्या सुटर कंपनीच्या मदतीनं गाडी नव्यानं घडवली आणि २०१३ मध्ये मलेशियात मिगेल ओलिव्हेरा तिसरा आला. गाडी युरोपात घडली, चालवणारे युरोपातले, हे खरं आहे. पण टाकीवर नाव महिंद्राचं होतं.

२६ जून २०१६ ला नेदरलँड्समधल्या असेनला पेको बान्याया नावाच्या इटालियन पोरानं महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला. त्याच ऑगस्टात चेकियातल्या ब्रनोला भर पावसात पहिले दोघेही महिंद्राच्याच गाडीवर होते. फक्त एका गाडीवर प्यूजो असं नाव रंगवलेलं होतं, कारण प्यूजोचा दुचाकी विभाग तेव्हा महिंद्राच्याच हातात होता. दुसऱ्या गाडीवर, दुसऱ्या क्रमांकावर, होता होर्हे मार्टिन. बान्याया आणि मार्टिन हे स्पेनच्या आस्पार संघात एकाच गॅरेजातले सोबती. २०१७ नंतर महिंद्रानं हा नाद सोडला आणि आपल्याकडे बहुतेकांना तो संघ होता हेही कळलं नाही.

ब्रनोच्या त्या शर्यतीनंतर आठ वर्षांनी, २०२४ मध्ये, मोटोजीपीचं जगज्जेतेपद याच दोघांत ठरलं. एव्हाना दोघेही डुकाटीवर, एकाच जातीच्या गाडीवर, फक्त संघ वेगळे. बान्याया आधीचा दोन वेळचा जगज्जेता. त्या वर्षी त्यानं रविवारच्या २० शर्यतींपैकी ११ जिंकल्या. मार्टिननं जिंकल्या फक्त ३. आणि जगज्जेता झाला मार्टिन! ५०८ गुण विरुद्ध ४९८.

हे पहिल्यांदा वाचलं की अन्याय वाटतो, म्हणून हिशेब मांडू. रविवारी पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६, असं करत पंधराव्याला १. २०२३ पासून शनिवारी निम्म्या अंतराची स्प्रिंटही असते; तिथे १२, ९, ७ असे उतरत नवव्याला १. आता बघा, पाच वेळा पहिल्याऐवजी दुसरे आलात तर पाच-पाच करून एकूण २५ गुण गेले. एकदाच आघाडीवर असताना पडलात तरी तेवढेच गेले. म्हणजे एक पडणं आणि पाच वेळा हरणं यांची किंमत सारखी. बान्याया जिंकायचा नाहीतर बरेचदा पडायचा. मार्टिन जिंकता येत नसेल तर दुसरा किंवा तिसरा यायचा आणि गप्प घरी जायचा.

त्या हिशेबातला एक क्षण तर अगदी नेमका दाखवता येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मलेशियातल्या सेपांगला स्प्रिंट होती. मार्टिन पुढे, बान्याया त्याच्या पाठलागावर, आणि बान्याया पडला. गुण शून्य. दुसऱ्या दिवशी त्यानं रविवारची शर्यत झकास जिंकली, बार्सिलोनातल्या शेवटच्या फेरीत शनिवार-रविवार दोन्ही जिंकले, तरी दहा गुण कमीच पडले. सेपांगला तो निमूट दुसरा राहिला असता तर नऊ गुण मिळाले असते आणि फरक उरला असता एका गुणाचा. चाळीस शर्यतींनंतर एक गुण!

पडण्याला इतकी किंमत आहे, तर मग हे लोक पडतात का? उत्तर टायरमध्ये आहे. वळणावर गाडी साठ अंशांहून जास्त झोपते, रायडरचा गुडघाच काय, कोपरही रस्त्याला घासतं. त्या क्षणी गाडी आणि माणूस मिळून सव्वादोनशे किलोंचा ऐवज तळहाताएवढ्या रबरावर तोललेला असतो. हे रबर थंड असलं तर निरुपयोगी, म्हणून शर्यतीआधी टायरला विजेची ब्लँकेटं गुंडाळून नव्वद अंशांच्या आसपास तापवतात. निवळी किंवा आंबा घाटात गुडघा टेकवू बघणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

जर्मनीतल्या साक्सनरिंगला तर कमालच आहे. तिथे १३ वळणं, त्यातली १० डावी आणि ३ उजवी. डावी वळणं एकामागून एक येतात, तेवढ्यात टायरची उजवी कड निवते. मग उतारावर येतं अकरावं वळण, उजवं, भन्नाट वेगाचं. तिथे आजवर कितीजण उडालेत त्याला गणती नाही. म्हणून मिशेलिन एकाच टायरच्या दोन बाजूंना दोन प्रकारचं रबर लावते, डावीकडे कडक आणि उजवीकडे मऊ. मार्केझ मोटोजीपीत याच ट्रॅकवर २०१३ ते २०१९ सलग सात वर्षं जिंकला होता, २०२१ मध्ये आणि २०२५ मध्येही जिंकला.

पावसाचं आपल्याला कोणी सांगायला नको, पण मोटोजीपीतल्या पावसाचे डावपेच बघण्यासारखे असतात. प्रत्येक रायडरची दुसरी गाडी पिटमध्ये तयार उभी असते. शर्यत चालू असताना पाऊस आला आणि पांढरं निशाण दाखवलं, की आत जाऊन गाडी बदलायची. कधी बदलायची, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. २०२५ च्या गुढीपाडव्याला अमेरिकेत ऑस्टिनला शर्यत होती. आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली, घरातले सगळे श्रीखंड खाऊन झोपलेले. शर्यत सुरू व्हायला काही मिनिटं उरलेली, ट्रॅक अर्धा ओला, अर्धा सुकत आलेला. मार्केझ अचानक गाडी सोडून पिटकडे धावत सुटला, सुक्या ट्रॅकची गाडी घ्यायला. तो पळतोय म्हटल्यावर बाकीचेही पळाले, इतका गोंधळ झाला की सुरुवातच थांबवून नव्यानं करावी लागली. नियमातली फट त्यानं बरोबर हेरली होती. आणि एवढं डोकं लढवून, आघाडीवर असताना, नवव्या फेरीत तो पडला. शर्यत मिळाली बान्यायाला.

तरी ते साल मार्केझचंच ठरलं. २०२० च्या जुलैत स्पेनमधल्या हेरेथला त्याच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं होतं. चार शस्त्रक्रिया झाल्या, शेवटची अमेरिकेत, हाड कापून फिरवून बसवायची. मधल्या वर्षांत तो संपला असं आमच्यातल्या पुष्कळांनी म्हणून टाकलं. २८ सप्टेंबर २०२५ ला जपानमध्ये मोतेगीला तो पुन्हा जगज्जेता झाला, मोसमाच्या पाच फेऱ्या बाकी असताना. पुढच्याच रविवारी इंडोनेशियात दुसऱ्या रायडरची धडक बसून खांद्याला लागलं आणि उरलेलं वर्ष तो घरी बसला. तरी ५४५ गुणांनी पहिला. दुसरा, बुरीरामला ज्याच्या धगीवर त्यानं टायर शेकला होता तो भाऊ.

कोकणात राहून हे सगळं बघायचं तर सोपं आहे. मोसम सुरू होतो तेव्हा हापूसच्या पहिल्या पेट्या निघायला लागलेल्या असतात. दिवाळीनंतर, नोव्हेंबरात संपतो. युरोपातल्या शर्यती आपल्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला, फक्त जून-जुलैत लाईट असण्याची प्रार्थना करायची. २०२५ मध्ये तर गौरी आल्या त्या रविवारी, ३१ ऑगस्टला, शर्यतच नव्हती. चाहत्यांवर बाप्पाची कृपा! प्रत्यक्ष बघायचा योग मात्र भारतात एकदाच आला. २०२३ च्या सप्टेंबरात नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर. उकाडा एवढा की शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ वर आणावी लागली. मार्को बेझेक्की जिंकला, आणि पुढच्या वर्षी भारताचं नाव कॅलेंडरवरून गेलं.

२०२७ मध्ये सगळाच डाव नव्यानं मांडला जाणार आहे. इंजिन १००० सीसीवरून ८५० वर येईल, टायर मिशेलिनऐवजी पिरेलीचे, आणि सुरुवातीला किंवा वळणातून निघताना गाडी खाली दाबणारी यंत्रणा बंद. आजवरचे सगळे अंदाज त्या दिवशी बाद. नव्या माणसानं बघायला सुरुवात करायची तर याहून चांगली वेळ नाही. एकच सांगणं, रविवारपासून सुरुवात करू नका. शनिवारची स्प्रिंट आधी बघा, एका कागदावर दोन आवडते रायडर आणि त्यांचे गुण लिहून ठेवा, आणि ज्याच्या नावापुढे शून्य कमी येतात त्याच्यावर लक्ष असू द्या.