लाल रेघेच्या आतलं तेल

ऑक्टोबर १९२७. इराकमध्ये किर्कूकजवळच्या बाबा गुरगुर इथे विहीर खोदता खोदता तेलाचा फवारा उसळला, तो चाळीस मीटरच्याही वर. काही केल्या आवरेना. दिवसाला नव्वद हजारांहून जास्त पिंपं तेल वाहून जात होतं. तोवर ही विहीर खोदणाऱ्या ‘टर्किश पेट्रोलियम कंपनी’चे भागीदार वर्षानुवर्षं वाटणीचा घोळ घालत बसले होते. आता मात्र सगळ्यांना सह्यांची घाई झाली.

३१ जुलै १९२८ला करार झाला. अँग्लो-पर्शियन, रॉयल डच शेल, एक फ्रेंच कंपनी आणि अमेरिकन कंपन्यांचा गट, प्रत्येकाला २३.७५ टक्के. उरलेले ५ टक्के एकट्या माणसाचे! कॅलूस्ट गुलबेंकियन हा इस्तंबूलचा अर्मेनियन. सगळ्यांना एकत्र बसवणारा मध्यस्थ. जुन्या ऑटोमन साम्राज्याची हद्द नेमकी कुठवर, असा प्रश्न निघाला तेव्हा त्यानेच लाल पेन्सिल घेऊन नकाशावर रेघ ओढली म्हणतात. किस्सा इतका फक्कड आहे की त्याचाच संशय येतो. रेघ मात्र खरी. तुर्कस्तान, सीरिया, इराक आणि जवळजवळ सगळं अरबस्तान आत. इराण आणि कुवेत बाहेर. ज्यांच्या पायाखाली तेल होतं, त्यांची सही कुठेच नाही.

अट अशी की रेघेच्या आत भागीदारांना डावलून कुणी एकट्याने तेलाच्या मागे लागायचं नाही.

इथेच घोडं पेंड खात होतं. अट बांधत होती ती फक्त सही करणाऱ्यांना. अमेरिकन गटातल्या गल्फ ऑइलला बहरीनमधला हक्क याच अटीपायी सोडावा लागला. तो घेतला स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाने, म्हणजे करारात नसलेल्या कंपनीने. १९३२ मध्ये तिथे तेल लागलं. पुढच्याच वर्षी या कंपनीने सौदी अरेबियाही गाठला. राजाला पैसे सोन्यात हवे होते. जेद्दाच्या एका डच बँकेत टेबलावर ३५,००० सॉव्हरिन नाणी मोजून दिली गेली. १९३८ मध्ये दम्मामच्या सात नंबरच्या विहिरीला तेल लागलं आणि करारवाले हात चोळत बसले.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्यातल्याच अमेरिकन कंपन्यांना सौदी तेलात वाटा हवासा झाला. मग १९४८ मध्ये त्यांनी ती अट काढायलाच लावली. गुलबेंकियनचे ५ टक्के मात्र शाबूत राहिले.