हेल्मेटमधला इंटरकॉम: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

छत्रपती संभाजीनगरात संध्याकाळी चिकलठाणा एमआयडीसीची शिफ्ट सुटली की मुकुंदवाडीच्या चौकात एक दृश्य हमखास दिसतं. गाल आणि हेल्मेट यांच्या फटीत मोबाइल कोंबलेला, मान एका बाजूला कललेली आणि गाडी चालवता चालवता बोलणं सुरू. त्याच गर्दीत आता काही हेल्मेटांच्या डाव्या बाजूला काड्यापेटीएवढी काळी डबी दिसू लागली आहे. हाच इंटरकॉम. लोणार, अजिंठा, म्हैसमाळच्या राइडना जाणाऱ्यांनी तो आधी घेतला. आता नवरा-बायको, बाप-लेक, रोज सोबत कंपनीत जाणारे दोन मित्रही त्याची चौकशी करतात. चौकशीबरोबर ऐकीव माहितीही फिरते आणि तिच्यातली काही थेट जिवाशी खेळणारी आहे.

माझं मत आधीच सांगतो. इंटरकॉम रस्त्याविषयी बोलण्यासाठी आहे. त्या कामाला तो फार चांगला आहे. चालत्या गाडीवर फोनवरच्या गप्पांसाठी मात्र तो घेऊ नये.

“हात मोकळे आहेत, मग धोका कसला?”

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज हाच. कायदा हातात धरलेल्या उपकरणावर बोट ठेवतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातातलं संपर्क उपकरण वापरणं हे धोकादायक चालवण्यात मोडतं. ऑक्टोबर २०२० पासून नियमांनी फक्त रस्ता शोधण्यापुरती सवलत दिली, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. त्यामुळे लोकांनी सोयीचा अर्थ काढला की हात हँडलवर असले म्हणजे सगळं ठीक.

खरी गोची डोक्यात होते. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. हँड्सफ्री फोनवर बोलणाऱ्याची नजर समोरच्या वस्तूवर पडते, तरी ती वस्तू त्याच्या लक्षात येत नाही, असं त्यांना दिसलं. हातात फोन नसल्यानं हा परिणाम नाहीसा होत नाही. याच गटाच्या २००८ च्या अभ्यासात आणखी एक मोलाची गोष्ट पुढे आली. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं फोनवरच्या बोलण्याइतकं घातक ठरलं नाही, कारण शेजाऱ्यालाही रस्ता दिसत असतो. अवघड वळण आलं की तो आपोआप गप्प होतो, किंवा “अरे, समोर बघ” म्हणतो. फोनवरच्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. तो उत्तराची वाट बघत बोलत राहतो.

इंटरकॉम कसा वापरायचा याचं सगळं सूत्र मला या फरकात दिसतं. मागे बसलेली व्यक्ती किंवा पुढच्या गाडीवरचा सोबती तुमच्याच रस्त्यावर आहे. “डावीकडे खड्डा”, “पुढे उसाची ट्रॉली आहे, मागे लाइट नाही”, “थांब, माझं पेट्रोल रिझर्व्हला आलं” हे शब्द वेळेवर कानात पडले तर अपघात टळतो. हातवारे करायला हँडल सोडावं लागत नाही, हॉर्न वाजवत कुणाला गाठावं लागत नाही. पण घरून आलेला फोन त्याच स्पीकरमधून ऐकणं म्हणजे हेल्मेटात मोबाइल कोंबण्याचीच सुधारलेली आवृत्ती. बऱ्याच मॉडेलांत कॉल आपोआप उचलण्याची सोय असते. बसवल्या दिवशीच ॲपमध्ये जाऊन ती बंद करा. फोन घ्यायचाच असेल तर गाडी बाजूला लावा.

“थोडं थर्माकोल कापलं की कुठल्याही हेल्मेटात बसतो”

नाही. हे करू नका आणि कुणी करून देत असेल तर करू देऊ नका. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जो थर दिसतो, तोच खरा जीव वाचवणारा भाग. आपटल्यावर तो दबतो आणि दबताना धक्क्याचा जोर स्वतःवर घेतो. कानाजवळ तो खरवडला तर नेमका डोक्याच्या बाजूचा आधार जातो. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी आयएसआय चिन्हाचंच हेल्मेट विकता येतं. त्यामागचं मानक आयएस ४१५१. त्या कसोटीला उतरलेलं हेल्मेट तुम्ही पटाशीनं कोरलंत, तर ते चिन्ह शोभेपुरतं उरतं. बाहेरच्या कवचाला भोक पाडणं, स्क्रू मारणं हेही तसंच.

बेळगावच्या व्हेगापासून इतर कंपन्यांपर्यंत, आज बऱ्याच हेल्मेटांत गालाच्या गादीमागे स्पीकरसाठी गोल खोबण दिलेली असते. नवं हेल्मेट घेताना गादी काढून ती दाखवायला सांगा. खोबण नसेल आणि स्पीकर कानाला टोचत असेल, तर पातळ स्पीकर शोधा किंवा हेल्मेट बदला.

“आवाजच येत नाही” या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा डबीत नसून स्पीकरच्या जागेत असतं. खोबण दिसली म्हणून स्पीकर तिच्या मधोमध चिकटवला जातो. तुमचा कान मात्र तिच्या थोडा पुढे किंवा वर असतो. एवढ्या फरकानं आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणून आधी वेल्क्रो तात्पुरतं लावा, हेल्मेट घाला, पट्टा बांधा आणि गाणं सुरू करा. मग डोक्यावरचं हेल्मेट हलकेच वर-खाली, पुढे-मागे सरकवा. ज्या दिशेला आवाज अचानक भरदार होतो, तिकडे स्पीकर सरकायला हवा. स्पीकरचा मध्य कानाच्या भोकासमोर आला पाहिजे. हे काम शांतपणे करा. अर्धा तास गेला तरी चालेल.

माइकचं तसंच. पूर्ण बंद हेल्मेटात वायरचा छोटा माइक हनुवटीच्या भागात आतून चिकटतो. पुढून उघडणाऱ्या किंवा अर्ध्या हेल्मेटाला दांडीचा माइक लागतो. तो ओठांच्या कोपऱ्याजवळ हवा. त्यावर बाण किंवा ठिपका असतो, ती बाजू तोंडाकडे. वरची स्पंजची टोपी काढून टाकू नका, वाऱ्याचा घोंघाट तीच अडवते.

डबी क्लिपनं बसत असेल तर क्लिपच वापरा. चिकटपट्टी लावायची असेल तर हेल्मेटवरची जागा सोबत आलेल्या अल्कोहोलच्या पुसणीनं स्वच्छ करा. पेट्रोल किंवा थिनर चुकूनही लावू नका, त्यानं कवच आणि आतला थर दोन्ही कमजोर होतात. पट्टी दाबून बसवल्यावर एक दिवस तशीच राहू द्या. संध्याकाळी चिकटवून पहाटे राइडला निघाल्यावर डबी वाटेत पडते आणि दोष पट्टीला दिला जातो.

“रेंज नसेल तिथे चालत नाही” आणि “दीड किलोमीटर म्हणजे दीड किलोमीटर”

दोन्ही चूक. गाडी ते गाडी बोलणाऱ्या नेहमीच्या इंटरकॉमला मोबाइलचा टॉवर लागत नाही, सिम लागत नाही. डब्या आपसात २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतात. आपल्या देशात या पट्ट्याला वेगळा परवाना लागत नाही. फोनच्या नेटवर्कवरून बोलण्याची जादा सोय अलीकडे काही कंपन्यांनी दिली आहे, पण ती वेगळी गोष्ट.

खोक्यावर छापलेलं अंतर मोकळ्या, सरळ, नजरेच्या टप्प्यातल्या रस्त्यासाठी असतं. करमाडच्या पुढच्या सपाट रस्त्यावर त्याच्या बरंच जवळ जाता येतं. कन्नडच्या औट्रम घाटात मात्र एक वळण आड आलं की आवाज तुटतो, कारण या लहरी डोंगराच्या आरपार जात नाहीत. मध्ये दोन ट्रक आले तरी फरक पडतो. त्यामुळे घाटात इंटरकॉमच्या भरवशावर अंतर वाढवू नये. मागचा सोबती आरशात दिसत राहिला पाहिजे.

ब्लूटूथ आणि मेश यांतला फरक इथेच कळतो. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे लोणारला जाणारे आपले लोक जालना, सिंदखेड राजा या जुन्या रस्त्यानंच जातात. समजा चार गाड्या निघाल्या. साध्या ब्लूटूथवर पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी असा जोडलेला असतो. बदनापूरला दुसरा चहाला थांबला की साखळी तुटते आणि पहिल्याला मागचं काही ऐकू येत नाही. क्रम बदलून ओव्हरटेक केलं तरी तोच घोळ. मेशमध्ये प्रत्येक डबी जवळच्या सगळ्या डब्यांशी जोडलेली राहते, एक गळली तर निरोप दुसऱ्या वाटेनं जातो. इस्रायलच्या कार्डो कंपनीनं २०१५ मध्ये पॅकटॉक या मॉडेलात ही पद्धत आणली. त्यात १५ जणांपर्यंत गट होतो. आता बंगळूरूच्या ब्लूआर्मरसारखी भारतीय कंपनीही मेश देते.

म्हणून महागडं मेश घ्यायलाच हवं, असं अजिबात नाही. डबल सीट जाणाऱ्या जोडप्याला किंवा दोघा मित्रांना साधं ब्लूटूथ पुरतं. काही हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत किमती आहेत. आपण बहुतेक वेळा किती जण निघतो, एवढाच हिशेब धरावा.

वेगवेगळ्या कंपन्यांचे इंटरकॉम जुळतच नाहीत, हेही अर्धसत्य. मेश सहसा आपल्याच कंपनीच्या डब्यांशी जुळतं. पण ‘युनिव्हर्सल’ जोडणी असेल तर एक डबी दुसरीला फोन असल्याचं भासवते आणि बोलणं होतं. आवाज थोडा उतरतो, कधी फोनची जागा त्यात खर्ची पडते. घेण्याआधी सोबत्याचं मॉडेल विचारून ठेवावं हे बरं.

जोडणी घरी, आदल्या दिवशी करा. आधी आपापला फोन, मग डबीला डबी. नेहमीचा अडथळा खिशातल्या इअरबड्सचा किंवा मनगटावरच्या स्मार्टवॉचचा असतो, फोन गुपचूप त्यांनाच चिकटतो. राइडपुरतं त्यांचं ब्लूटूथ बंद ठेवा. इंटरकॉम सुरू होताच गाणं फुटक्या रेडिओसारखं वाजू लागलं तर स्पीकर बिघडला असं समजू नका. ब्लूटूथची गाण्याची वाट वेगळी आणि बोलण्याची वेगळी. बोलण्याच्या वाटेवर आवाजाचा दर्जा मुद्दाम कमी ठेवलेला असतो आणि स्वस्त मॉडेलांना दोन्ही वाटा एकत्र सांभाळता येत नाहीत.

“आवाज वाढवला की सगळं ऐकू येतं”

याकडे कुणी गांभीर्यानं बघत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज ताशी ६० किलोमीटरलाच ९० डेसिबलच्या आसपास पोचतो आणि वेगाबरोबर चढत जातो. कानाला ८५ डेसिबल आठ तास चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, अशी अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची शिफारस आहे. या हिशेबानं ९४ डेसिबलला एक तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. म्हणजे जालन्यापर्यंतच्या तासाभराच्या रस्त्यात वारा एकटाच कानाच्या दिवसभराच्या वाट्यातला मोठा भाग संपवू शकतो. त्यावर मात करायला आपण स्पीकर पूर्ण उघडतो, म्हणजे इजेत भर. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

उपाय उलटा वाटेल, पण तो लागू पडतो. लांबच्या पल्ल्याला कानात फोमचे साधे बोळे घाला. ते वारा आणि बोलणं दोन्ही कमी करतात, पण वाऱ्याच्या माऱ्यातून सुटलेल्या कानाला बोलणं अधिक स्पष्ट कळतं. शहरात बोळे नकोत आणि आवाजही बेताचाच हवा. जालना रोडवर मागून येणारी ॲम्ब्युलन्स ऐकू येत नसेल, तर तो आवाज जास्त आहे. हेल्मेट सैल असेल किंवा वायझर नीट लागत नसेल, तर वारा तिथूनच शिरतो. नवा स्पीकर घेण्याआधी ते बघा.

“वॉटरप्रूफ आहे, काही होत नाही”

आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी, तीही चार्जिंगच्या भोकावरचं रबर नीट लागलेलं असताना. पावसाला घाबरू नका, पण गादी धुताना स्पीकर आणि माइक काढूनच धुवा. आपल्याकडे पाण्यापेक्षा ऊन वाईट. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. मे महिन्यात आरशाला टांगून उन्हात तापवलेलं हेल्मेट घरात आणताच चार्जरला लावणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य घटवणं.

“मागच्याला काय, कानात एक इअरफोन दिला की झालं”

मागे बसलेल्या आईला किंवा बायकोला इंटरकॉम हवा असेल, तर तिच्या डोक्यावर आधी हेल्मेट हवं. कलम १२९ नुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही. दंड एक हजार रुपये, शिवाय तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले ५०,०२९ लोक देशात दगावले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते.

तेव्हा पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर आधी मागच्यासाठी चांगलं आयएसआय हेल्मेट घ्या. इंटरकॉम पुढच्या दिवाळीला घेता येईल.