विमान देखभालीचा परवाना आणि अकरावीतली चूक

दहावीचा निकाल लागला की 'एव्हिएशनमध्ये शंभर टक्के नोकरी' असे फलक आणि मेसेज आपल्या वस्त्यांपर्यंत येऊ लागतात. आईबाप कर्ज काढतात, मुलगा कोर्स पूर्ण करतो. मग कळते की हातात आलेल्या कागदावर विमानाच्या कामाची सही करता येत नाही. असे एकदा नाही, अनेकदा आमच्या पाहण्यात आले आहे. म्हणून हे क्षेत्र कसे चालते ते आधी नीट समजून घेऊ.

विमान देखभालीत दोन प्रकारची माणसे असतात. एक, हाताने काम करणारा तंत्रज्ञ. दुसरा, ते काम तपासून 'विमान उड्डाणास योग्य आहे' अशी सही करणारा परवानाधारक अभियंता. त्या सहीशिवाय विमान जागचे हलत नाही. पगारातला आणि मानातला फरकही त्या सहीचाच आहे. हा परवाना कॉलेज देत नाही, डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. नियमावलीचे नाव कार-66. प्रशिक्षण संस्थांच्या मान्यतेचे नियम वेगळे, ते कार-147. परवान्याचे मुख्य वर्ग दोन. बी-1 म्हणजे विमानाचा सांगाडा आणि इंजिन, बी-2 म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि एव्हिऑनिक्स. विषयवार मॉड्यूल परीक्षा असतात, प्रत्येकात पास व्हायला 75 टक्के गुण लागतात. शिवाय प्रत्यक्ष विमानावर काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो.

आणि पात्रता? फिजिक्स, केमिस्ट्री, गणित घेऊन बारावी, किंवा अभियांत्रिकीचा तीन वर्षांचा डिप्लोमा.

आपली खरी गोची इथेच होते. हाताने चपळ, सायकल-मोटर खोलून जोडणारा मुलगा गुणांत थोडा मागे असला की शाळा त्याला अकरावीत व्यवसाय अभ्यासक्रमाकडे, आपण ज्याला एमसीव्हीसी म्हणत आलो तिकडे पाठवते. तिथे वर्कशॉप आहे, पण फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हे तीन विषय नाहीत. म्हणजे ज्याच्या हाताला हे काम जमले असते, त्याच्यासाठीच परवान्याचा सरळ रस्ता सोळाव्या वर्षी बंद होतो, आणि हे त्याला कोणी सांगतही नाही. उलट सायन्सवाला मुलगा तिन्ही विषय घेऊन बाहेर पडतो, पण त्याने कानस कधी धरलेली नसते.

या दोहोंच्या मध्ये एक पर्याय आहे, तो आपल्याकडे फारसा माहीत नाही. सायन्स शाखेतला द्विलक्षी अभ्यासक्रम, म्हणजे बायफोकल. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी 200 गुणांचा व्यवसाय विषय घेता येतो. त्यात मेकॅनिकल मेंटेनन्स आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित सुटत नाही आणि हातही चालतो. दुर्दैवाने बरीच मुले तो बारावीला गुण वाढवण्याची युक्ती म्हणूनच घेतात.

आयटीआयला कमी लेखू नका. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये फ्रान्सच्या दासो कंपनीच्या सहकार्याने विमानाच्या सांगाड्याच्या फिटरचा कोर्स सुरू झाला. मिहानमध्ये विमानांचे भाग तयार होतात, देखभालीचे हँगर आहेत. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना आहे. फिटर ही चांगलीच नोकरी आहे, पण ती परवान्याची नाही, एवढे आधी ठाऊक असावे. दोन वर्षांचा आयटीआय करून पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि डिप्लोमा झाला की तो परवान्याकडेही वळू शकतो. रस्ता लांबचा आहे, पण आहे.

आता शिकवायचे काय, हा प्रश्न. आपल्या वर्कशॉपमध्ये 'अंदाज बरोबर आला' याचे कौतुक होते. विमानाच्या कामात अंदाज हाच गुन्हा. 10 जून 1990 रोजी ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची काच हवेतच निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, विमान साउथॅम्प्टनला उतरले, सगळे वाचले. तपासात निघाले की काच बसवताना वापरलेल्या 90 बोल्टांपैकी 84 बोल्टांचा व्यास किंचित कमी होता. काम करणारा माणूस अनुभवी होता. त्याने जुना बोल्ट हातात धरून तसाच दिसणारा नवा निवडला, पार्ट कॅटलॉग पाहिला नाही. ही गोष्ट अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात सांगायला हवी. मॅन्युअल उघडल्याशिवाय पाना उचलायचा नाही, काम संपल्यावर हत्यारे मोजायची, केलेले लिहून ठेवायचे. या सवयींना महाग यंत्रे लागत नाहीत. एक टॉर्क रेंच, लॉकिंग वायर आणि नोंदवही एवढ्यावर सुरुवात होते.

मॅन्युअल इंग्रजीत असते, आणि इथे मराठी माध्यमाची मुले कच खातात. पण ही कथाकादंबऱ्यांची इंग्रजी नव्हे. विमानांची मॅन्युअल 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' नावाच्या ठरवून दिलेल्या भाषेत लिहितात. तांत्रिक नावे सोडली तर तिच्या कोशात मान्य शब्द सुमारे 900. शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ. 'फॉलो' म्हणजे फक्त मागून येणे, सूचना पाळणे यासाठी 'ओबे' वापरायचे. कृती सांगणारे वाक्य जास्तीत जास्त 20 शब्दांचे. दोन वर्षांत 900 शब्द, म्हणजे दिवसाला दीड शब्दही नाही! आपल्या विहारांतून संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग चालतात. त्यांतला एक वर्ग या शब्दांचा का असू नये?

शाळेतच हे सगळे एकत्र शिकवता येते का, असे कोणी विचारले तर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली एव्हिएशन हायस्कूल ही सार्वजनिक शाळा दाखवता येईल. तिथली मुले नेहमीचे विषय शिकतात, त्याच इमारतीत खऱ्या विमानांवर काम करतात आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या मेकॅनिक प्रमाणपत्राची तयारी करतात. काहीजण त्यासाठी एक वर्ष जास्त थांबतात. नागपूर आणि नाशिक इथे विमानांचा उद्योग आहे, द्विलक्षी अभ्यासक्रम आहे, आयटीआय आहेत. एकाच छताखाली मात्र काही नाही. आमची मागणी साधी आहे. या दोन जिल्ह्यांतल्या काही कनिष्ठ महाविद्यालयांत मेकॅनिकल मेंटेनन्सच्या अभ्यासक्रमाला विमान देखभालीच्या सवयी आणि मॅन्युअलची इंग्रजी जोडावी, आणि एमसीव्हीसीच्या मुलांना गणित-विज्ञानाचे विषय घेण्याची मुभा द्यावी.

तोवर कार्यकर्त्यांनी प्रवेशाच्या दिवसांत एवढे करावे. संस्था डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, कोणत्या वर्गासाठी आहे, हे त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे, संस्थेच्या माहितीपत्रकात नव्हे. प्रत्यक्ष विमानावरचा अनुभव कोणत्या हँगरमध्ये मिळणार, हे लेखी मागावे. शिष्यवृत्ती त्या कोर्सला लागू आहे का, ते पहिला हप्ता भरण्याआधी समाजकल्याण कार्यालयात विचारावे. आणि जवळच्या कॉलेजात द्विलक्षी आहे का, असल्यास कोणता विषय, हे अकरावीचा अर्ज भरण्याआधीच मुलाला घेऊन जाऊन पाहून यावे.