पाळणाघराचा दर : अर्ध्या दिवसाचें मोल



उभें आयुष्य मीं शाळेंत मुलांना त्रैराशिक शिकविलें. परंतु सेवानिवृत्त झाल्यावर स्वतःच्या घरांतील एक हिशेब मला चुकला, आणि तो त्रैराशिकामुळेंच चुकला. ती चूक दुसऱ्या घरीं होऊं नये, म्हणून आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

१९६१ च्या मातृत्वलाभाच्या कायद्यांत २०१७ सालीं दुरुस्ती झाली आणि ५० किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेनें पाळणाघराची सोय ठेवावी, असें ठरलें. परंतु लहान कचेऱ्या, दुकानें, दवाखाने यांत काम करणाऱ्या आयांना अजूनहि शेजारच्या घराचाच आधार असतो. त्यांतहि अनेकींना पूर्ण दिवसाची गरज नसते. शाळा सुटल्यापासून आई परत येईपर्यंतचे चार तास कोणी तरी सांभाळावें, एवढीच त्यांची अपेक्षा असते. या चार तासांचें मोल कसें ठरवावें, हाच आजचा प्रश्न आहे.

पुण्यांत आमच्या तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडीं माझ्या पत्नीनें पाळणाघर सुरू केलें. दर ठरविण्याचें काम अर्थातच मास्तरांकडे आलें. शेजारच्या लेकरांचे पैसे ते काय घ्यावयाचे, या संकोचानें मीं पूर्ण दिवसाचा दर कमी ठेवला, आणि अर्धा दिवस राहणाऱ्यास त्याच्या बरोबर निम्मा. परिणाम असा झाला कीं, दुपारीं मुलांची दाटी होऊं लागली, सकाळीं घर रिकामें राहूं लागलें, आणि तोंडमिळवणी व्हावी म्हणून आम्हीं आणखी मुलें घेतलीं. पांचांचीं नऊ झालीं. एके दुपारीं तीन वर्षांची एक मुलगी दाराची कडी काढून जिन्यानें खालीं गेली. खालच्या मजल्यावरील बाई तिला कडेवर घेऊन वर आल्या, तोंपर्यंत आम्हांला पत्ताहि नव्हता. मुलगी सुखरूप होती, पण त्या रात्रीं पत्नी म्हणाली, "अहो, दर तुम्हीं कमी ठेवलात, त्याची किंमत त्या पोरीला द्यावी लागली असती!"

तेव्हांपासून आम्ही हिशेब उलट्या बाजूनें मांडतों. प्रथम दर ठरवूं नये, संख्या ठरवावी. घरची बाई आणि एक मदतनीस यांना डोळ्यांआड न होऊं देतां एका वेळीं किती मुलें सांभाळतां येतील? आमच्या घरापुरतें उत्तर पांच आलें. मग खर्च मांडावा. समजा, मदतनीस बाईचा पगार ८,००० रुपये. दूध व खाऊ ३,०००. वीज, साबण, खेळण्यांची झीज मिळून २,०००. शेवटीं ज्या रकमेचा बहुतेक घरांत विसर पडतो ती, म्हणजे गृहिणीच्या श्रमाचा मोबदला : रोज १० तास व २५ दिवस मिळून २५० तास, तासास ६० रुपये धरले तरी १५,०००. एकूण २८,००० झाले. पांचहि जागा बारा महिने भरलेल्या राहत नाहींत, म्हणून भागाकार चारानें करावा. एका जागेचे महिन्यास ७,००० रुपये आले. आंकडे उदाहरणादाखल आहेत. ज्यानें त्यानें आपल्या गांवचे घालावे.

आतां अर्धा दिवस. त्रैराशिक सांगतें : १० तासांस ७,०००, तर ४ तासांस २,८००. येथेंच माझी फसगत झाली होती. आपण तास विकीत नसतों, जागा राखून ठेवीत असतों. दुपारच्या मुलानें ती जागा अडविली कीं, पूर्ण दिवसाच्या मुलाला ती देतां येत नाहीं. उरलेल्या सकाळीं दुसरें मूल मिळेलच असें नाहीं. म्हणून अर्ध्या दिवसास पूर्ण दराचे तीन पंचमांश, म्हणजे ४,२०० रुपये धरावे. तीन महिन्यांपैकीं दोन महिने सकाळ-दुपारची जोडी जमली आणि एक महिना जागा अर्धी रिकामी राहिली, तर तीन महिन्यांत २१,००० रुपये येतात. म्हणजे महिन्यास बरोबर ७,०००. यांत लोभ नाहीं आणि तोटाहि नाहीं.

वर्षाच्या आंतलें तान्हें मूल मात्र दोन मुलांचें लक्ष घेतें. त्याचा दर वेगळा असावा. महिन्याचे पैसे आगाऊ घ्यावे. मूल आजोळीं गेलें तरी जागा त्याचीच राहते, म्हणून त्या दिवसांची वजावट नसावी. न्यावयास उशीर झाल्यास काय आकारावयाचें आणि मूल काढून घ्यावयाचें झाल्यास किती दिवस आधीं कळवावयाचें, हें पहिल्याच दिवशीं कागदावर लिहून द्यावें. तोंडी ठरलेल्या गोष्टींवरूनच पुढें मनें दुखावतात. शेजारचा दर विचारावयास हरकत नाहीं. परंतु आपला हिशेब झाल्यावर विचारावा, आधीं नव्हे.

हा दर घेऊन आमच्याकडील कांहीं मुलें गेलीं, हें खरें. परंतु उरलेल्या पांचांना मोजावयास आतां एक नजर पुरते. माया विकतां येत नाहीं, हें मलाहि मान्य आहे. पण मायेनें पाहणारे डोळे दोनच असतात, आणि ते किती मुलांवर फिरावयाचे, हें शेवटीं दरच ठरवितो. म्हणून मूल ठेवावयास जाणाऱ्या आईबापांनाहि माझी एक विनंती आहे. "महिन्याचे किती घेतां?" असें विचारण्यापूर्वीं "एका वेळीं किती मुलें असतात?" असें विचारावें. या उत्तरांतच दुसऱ्याचें उत्तर असतें.