काजळीची साखळी

टीव्हीचा जुना रिमोट उघडला की बटणांचा एक सलग रबरी पापुद्रा हाती येतो. तो उलटा केला तर प्रत्येक बटणाच्या पोटाशी एक काळी टिकली दिसते. तीही सिलिकॉन रबराचीच. फक्त तिच्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे कारखान्यात तयार केलेली अतिसूक्ष्म काजळी, मिसळलेली असते. बटण दाबलं की टिकली सर्किट बोर्डावर टेकते आणि एरवी विजेला अडवणाऱ्या रबरातून वीज वाहू लागते.

सगळी गोम काजळीच्या प्रमाणात आहे. ती थोडी थोडी वाढवत नेली, तर बराच वेळ काहीच घडत नाही. मग एका विशिष्ट प्रमाणाशी रोध एकाएकी लाखो पटींनी कोसळतो. ओढ्यात चार दगड इकडेतिकडे पडलेले असतील तर पलीकडे जाता येत नाही. या काठापासून त्या काठापर्यंत रांग लागली की जमतं. काजळीच्या कणांचंही तसंच. दगड एकमेकांना चिकटलेलेच हवेत असंही नाही. दोन कणांमधली काही नॅनोमीटरची फट इलेक्ट्रॉन पार करू शकतात. अशा वाटा केव्हा जुळतात याचं गणित ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली या ब्रिटिश गणितज्ञांनी १९५७ मध्ये मांडलं. गोल कणांऐवजी लांब, बारीक कार्बन नॅनोट्यूब वापरल्या, तर एक टक्क्याहून कमी भरणीतही वाट तयार होऊ शकते.

ज्यांच्या शोधाला २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ती वाहक बहुवारिकं (पॉलिमर) वेगळी. त्यांचे रेणूच वीज वाहून नेतात. इथे प्लास्टिक तसंच राहतं, वाहतूक काजळी करते.

काजळी मिसळलेली ही संमिश्रं तांब्याची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांची वाहकता तांब्याच्या तुलनेत अगदीच क्षुल्लक असते. पण अनेक ठिकाणी तेवढीच पुरते. इलेक्ट्रॉनिक चिप ठेवायचे काळे ट्रे आणि फोम स्थिर विद्युत हळूहळू निचरून टाकतात. जमिनीखालच्या उच्चदाब केबलमध्ये तांब्या-ॲल्युमिनियमच्या तारांभोवती असाच काळा थर असतो. तारांच्या उंचसखल पृष्ठभागामुळे विद्युत क्षेत्र एखाद्या जागी एकवटून इन्सुलेशन फाटू नये, हे त्याचं काम.

काजळीच्या कणांची ही साखळी मोडण्याचाही उपयोग होतो. पुन्हा वापरता येणाऱ्या पॉलिमर फ्यूजमध्ये पॉलिएथिलीन आणि काजळी असते. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो तुकडा तापतो, पॉलिएथिलीनमधले स्फटिक वितळतात, प्लास्टिक फुगतं आणि कण एकमेकांपासून दुरावतात. रोध हजारो पटींनी वाढून प्रवाह जवळपास थांबतो. थंडगार प्रदेशांत पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून त्यांना गुंडाळायच्या केबलमध्येही हेच तत्त्व आहे. जिथे पाइप गार तिथे केबल जास्त तापते, जिथे तो ऊबदार तिथे आपोआप कमी. वेगळा थर्मोस्टॅट नसला तरी चालतं.

उत्पादकाची कसोटी मिसळण्यात लागते. काजळीचे गोळे राहिले तर माल जागोजागी वेगळा वागतो. फार घोटली तर जुळलेल्या साखळ्याच तुटतात. रोध कोसळतो त्या उंबरठ्याशी प्रमाणातला किरकोळ फरकही रोध कित्येक पट बदलतो, म्हणून भरणी सहसा त्याच्या बरीच वर ठेवतात.

शॉर्ट सर्किटनंतर संगणकाचा यूएसबी पोर्ट बंद पडला, तर तो जळालाच असं लगेच समजू नका. अनेक बोर्डांवर असा पॉलिमर फ्यूज असतो आणि वीज चालू असेपर्यंत तो स्वतःच्या उष्णतेने तापलेलाच राहतो. दोष असलेलं उपकरण काढा, वीजपुरवठा पूर्ण बंद करा आणि काही मिनिटं थांबा. फ्यूज निवला की पोर्ट बहुधा पुन्हा चालू होतो.