‘ना इकडचे, ना तिकडचे’ : सीमाभागातल्या सरकारी मदतीविषयीचे गैरसमज

सरकारी दवाखान्यातले उपचार, म्हातारपणाची पेन्शन, अपंगत्वाचा दाखला, मोफत वकील या सेवा बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी माणसाला कर्नाटकचा रहिवासी म्हणून मिळतात. मातृभाषा कोणती आणि सीमाप्रश्नावर मत काय, हे त्यासाठी कोणत्याही अर्जात विचारले जात नाही. तरीही बेळगावच्या खडेबाजारापासून निपाणीच्या तंबाखूच्या वखारींपर्यंत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते : ‘आम्ही ना इकडचे, ना तिकडचे, आम्हाला कोण देणार?’ या वाक्यामागची राजकीय वेदना खरी आहे. मदतीविषयीची माहिती म्हणून मात्र ते साफ चुकीचे आहे, आणि त्याची किंमत आजारी, म्हातारी, एकटी माणसे मोजतात. जे मिळणारच नाही असे मनात पक्के बसले आहे, ते मागायला कोणी कचेरीची पायरी चढत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, तो महाराष्ट्राने फेटाळला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दावा चालू असताना त्या भागातले दवाखाने, रेशन किंवा पेन्शन बंद ठेवावी, असे ना कोणत्या कायद्यात आहे ना कोणत्या आदेशात. प्रदेशाचा कारभार ज्या राज्याकडे आहे त्याने तिथल्या प्रत्येक रहिवाशाला सेवा द्यायची असते. राज्यघटनेच्या कलम १४ मधली समानता आणि कलम २१ मधला जगण्याचा हक्क सीमाभागाला वगळत नाहीत.

मग नकार मिळतो तो कशामुळे? बऱ्याचदा त्याचे कारण कागदांचा क्रम हे असते, आणि नेमके तेच कोणी समजावून सांगत नाही. कर्नाटकात २०१८ पासून ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’ ही योजना आहे. बीपीएल रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला तीत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. एपीएल कार्डवाल्यांना यात काहीच नाही, हा समजही खोटा आहे. त्यांच्यासाठी ठरलेल्या दराच्या ३० टक्के रक्कम सरकार भरते, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. उरलेली रक्कम रुग्णाने भरायची असते. साधे उपचार सरकारी दवाखान्यातच व्हायचे असतात. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आधी सरकारी रुग्णालयात तपासणी होते, तिथे सोय नसेल तर रेफरल मिळते आणि ते घेऊन योजनेतल्या खासगी रुग्णालयात जाता येते. बेळगावात हा मार्ग सिव्हिलमधून, म्हणजे बिम्स या वैद्यकीय संस्थेला जोडलेल्या जिल्हा रुग्णालयातून जातो.

पुष्कळ कुटुंबे हा क्रम उलटा करतात. रुग्णाला थेट खासगी रुग्णालयात दाखल करतात, बिल वाढू लागले की योजनेची चौकशी करतात, आणि रेफरल नाही म्हणून नकार आला की ‘मराठी म्हणून नाकारले’ असा निष्कर्ष काढून गप्प बसतात. भेदभाव कुठेच होत नाही, असा याचा अर्थ नाही. पण नकाराचे कारण लेखी मागितल्याशिवाय तो भेदभाव होता की अपुरा कागद, हे कळत नाही. कागद अपुरा असेल तर तो बऱ्याचदा पुरा करता येतो. भेदभाव असेल तर तक्रारीला पुरावा लागतो, आणि तो लेखी नकारच असतो.

तातडीच्या वेळी हा क्रम लागूच होत नाही. अपघात, हृदयविकाराचा झटका, अडलेले बाळंतपण अशा वेळी या योजनेतही आधी रेफरल लागत नाही. ‘पोलीस केस आहे, आधी पंचनामा’ हे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात बेकायदा ठरवले आहे; डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य. १९९६ चा पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा खटला तर प्रत्येक दवाखान्याच्या दारावर लावावा असा आहे. १९९२ मध्ये हकीम शेख नावाचा मजूर रेल्वेतून पडला. त्याच्या डोक्याला मार लागला, आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही, सोय नाही असे सांगून त्याला परत पाठवले. वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने ठरवले आणि राज्य सरकारला २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली. पैशांची अडचण ही सबब चालणार नाही, हेही त्याच निकालात आहे. ‘आधार नाही, घेणार नाही’ किंवा ‘तुमचं राज्य दुसरं’ ही उत्तरे तातडीच्या रुग्णाला देताच येत नाहीत, मग रुग्ण निपाणीचा असो वा कागलचा.

मोठ्या गैरसमजाची दुसरी बाजू भाषेची आहे : कन्नड येत नसेल तर अर्जच घेत नाहीत. राज्यघटनेचे कलम ३५० सांगते की, गाऱ्हाणे दूर करून घेण्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. बेळगाव जिल्ह्यात मराठी वापरात नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. तेव्हा मराठीत लिहिलेली तक्रार केवळ भाषेमुळे परत करणे घटनेला धरून नाही. उत्तरही मराठीतच मिळेल, अशी हमी मात्र या कलमात नाही. योजनांचे छापील फॉर्म आणि सेवासिंधू संकेतस्थळ कन्नड व इंग्रजीत आहे, आणि वयस्क मराठी माणसाला त्याचा त्रास होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. फॉर्म मात्र अर्जदाराने स्वतःच्या हाताने भरला पाहिजे असे नाही. खेड्यात ग्राम वन केंद्र, शहरात बेळगाव वन आणि होबळीच्या ठिकाणी नाडकचेरी तो ठरलेले शुल्क घेऊन भरून देतात.

भाषेमुळे अडते ते बहुधा निराळ्याच जागी. एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर मराठीत, रेशनकार्डावर कन्नडमध्ये आणि आधारवर इंग्रजीत असते, आणि तिन्ही ठिकाणी स्पेलिंग वेगळे पडते. आडनाव एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते. पेन्शन किंवा गृहलक्ष्मी योजनेचे महिना २००० रुपये थेट बँकेत जमा व्हायचे असतील तर या नोंदी जुळाव्या लागतात. पैसे थांबले की पहिला संशय राजकारणावर जातो. पहिली तपासणी आधार, रेशनकार्ड आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून व्हायला हवी.

‘तिकडचे’ या भागातही अर्धवट माहिती फिरते. २७ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकी ही शहरे आणि ८६५ गावे यांच्याविषयी ठराव केला. त्यानंतर २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या ८६५ गावांतल्या रहिवाशांना लागू करण्याचा निर्णय झाला. कर्नाटक सरकारने त्याला उघड विरोध केला, आणि जानेवारी २०२४ मध्ये बेळगावात या योजनेचे अर्ज भरून घेणाऱ्या केंद्रांवर तिथल्या प्रशासनाने कारवाई केली. यातून दोन उलट अफवा निघाल्या. एक म्हणते की आता कोणत्याही दवाखान्यात सगळे फुकट. दुसरी म्हणते की योजना बुडाली. दोन्हींवर विसंबू नये. ही योजना फक्त तिच्या यादीतल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या आजारांसाठी चालते, नियोजित शस्त्रक्रियेला आधी मंजुरी लागते, आणि हे सगळे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावरून होते. कोल्हापूर किंवा गडहिंग्लजला शस्त्रक्रिया करायची असेल तर दाखल होण्यापूर्वी कागदपत्रे घेऊन त्या टेबलावर विचारावे. गावातल्या मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव सुमारे ७५. त्यामुळे निपाणीकर दुखणे घेऊन उत्तरेला जातात, यात नवल नाही. तिथला एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्व नागरिकांना उपचार निःशुल्क आहेत. गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय आणि चंदगडचे ग्रामीण रुग्णालय त्यात मोडतात. कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तो निर्णय तिथे लागू नाही. तिथे केसपेपर आणि तपासण्यांचे सरकारी दर पडतात, पण राज्य वेगळे म्हणून रुग्ण परत पाठवला जात नाही.

निपाणीत घरी बसून विड्या वळणाऱ्या बाया ‘आम्ही कामगार नाही’ म्हणतात. १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्यापासून घरी काम करणारीही कामगारच धरली गेली आहे. बिडी कामगाराचे ओळखपत्र तिच्या नावावर निघते, आणि १९७६ च्या कल्याण निधी कायद्याखाली सुरू झालेले दवाखाने व मुलांच्या शिष्यवृत्त्या त्याच ओळखपत्रावर मिळतात. हे पत्र न काढता आयुष्यभर तंबाखूची धूळ छातीत घेणाऱ्या बाईचे नुकसान दुहेरी आहे.

क्षयाचे औषध विकत घ्यावे लागते, हा समज अजून टिकून आहे. सरकारी केंद्रात ते मोफत मिळतेच, शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १००० रुपये मिळतात. मोफत वकील फक्त आरोपीला मिळतो, हेही खोटे : १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतले कैदी यांना उत्पन्न न पाहता तो मिळतो, जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय असते आणि दूरध्वनी १५१०० आहे. मानसिक त्रासासाठी १४४१६ वर फोन केला तर ‘वेड्यांच्या यादीत’ नाव जात नाही. ‘टेलि-मानस’ ही गोपनीय सेवा आहे आणि ती अनेक भारतीय भाषांत चालते. अपंगत्वाच्या कामासाठी प्रत्येक वेळी बेळगाव गाठावे लागत नाही : कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या पातळीवर पुनर्वसन कार्यकर्ता नेमलेला असतो, तो कागद तयार करून देतो. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला आधी पोलीस ठाणेच गाठावे लागते असे नाही. १८१ हा क्रमांक आणि तालुक्याचे ‘सांत्वन’ केंद्र आहे.

म्हाताऱ्या आई-बापांच्या बाबतीतला गैरसमज अधिक चिवट आहे, कारण तो लाजेतून येतो. मुलगा सांभाळत नाही ही घरातली गोष्ट, कचेरीत काय सांगायची, असे म्हणून माणसे देवळाच्या ओवरीत दिवस काढतात. २००७ च्या कायद्याने पोटगी मागण्याचा हक्क आई-वडिलांना आणि ज्येष्ठांना दिला आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे निपाणीच्या माणसाने चिकोडीला आणि बेळगावच्या माणसाने बेळगावात करायचा. काळजी घेण्याच्या अटीवर घर किंवा जमीन मुलाच्या नावे केली असेल आणि त्याने ती अट मोडली, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत क्रमांक आहे. कर्नाटकची संध्या सुरक्षा पेन्शन ६५ वर्षांपुढच्या गरजू माणसासाठी २००७ पासून चालू आहे आणि तिचा अर्ज नाडकचेरीत होतो.

अर्ज दिला की काम संपले, हाही गैरसमजच. कर्नाटकात २०१२ पासून ‘सकाल’ कायदा लागू आहे. त्याच्या यादीतल्या सेवेसाठी अर्ज दिला की पंधरा अंकी क्रमांकाची पावती मिळाली पाहिजे. ती न घेता परतणे म्हणजे अर्ज न देण्यासारखेच. पावतीवर काम कधी होणार ती तारीख असते. ती उलटली तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते, आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये, भरपाई मागता येते.